दोष कोठे आहे? : दुर्बिणीच्या मोटरचलित फोकसरची दुरुस्ती

(शताब्दी व्याख्यानमालेत बुऱ्हाणपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बुऱ्हाणपुरात कुंडी भंडाऱ्याविषयी काही सांगणे म्हणजे काशीत गंगेचे वर्णन करण्यासारखे आहे. इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाच्या योजनेनुसार ही व्यवस्था उभी राहिली. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपत जाणारे पाणी जमिनीच्या पोटातच गाठावे, बोगद्यातून वळवावे आणि केवळ उताराच्या बळावर नगरात आणावे, अशी ती योजना. या बोगद्यावर ठराविक अंतराने विहिरींसारख्या कुंड्या आहेत. कुंड्यांमुळे बोगद्यात हवा आणि उजेड पोचतो, ही त्यांची एक सोय. दुसरी सोय तितकीच मोलाची आहे. प्रवाह कोठे अडला तर सारा बोगदा उकरण्याचे कारण नाही. एका कुंडीत उतरून पाहावे, मग पुढच्या कुंडीत पाहावे. एकीत पाणी खळाळते आहे आणि दुसरी कोरडी आहे, असे दिसले की अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे हे निश्चित होते. दोष असा दोन कुंड्यांच्या मध्ये कोंडला गेला, की अर्धी दुरुस्ती झालीच म्हणायची.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय वरवर पाहता याहून फार दूरचा आहे. दुर्बिणीचा मोटरवर चालणारा फोकसर बिघडला तर त्याचा दोष कसा शोधावा आणि तो कसा दूर करावा, हा तो विषय. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर असले यंत्रपुराण कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की शाळांतून, महाविद्यालयांतून आणि हौशी मंडळींच्या घरांतून आज दुर्बिणी पोचल्या आहेत, आणि त्यांतील कित्येक कपाटात पडून आहेत. त्यांचे आरसे उत्तम असतात, भिंगे निर्दोष असतात. एखादी तार तुटलेली असते, एखादा स्क्रू सैल झालेला असतो, आणि तेवढ्या कारणाने विद्यार्थ्यांच्या एकामागून एक पिढ्यांना शनीची कडी पाहावयास मिळत नाहीत. न वाचलेला ग्रंथ आणि न वापरलेली दुर्बीण यांचे दुःख एकाच जातीचे आहे, आणि ते ग्रंथालयाच्या सभासदांना अधिक समजावे.

प्रथम फोकसर म्हणजे काय ते पाहू जाता, दुर्बिणीचा आरसा किंवा वस्तुभिंग ताऱ्याचे किरण ज्या ठिकाणी एकत्र आणते ते स्थान म्हणजे नाभी. नेत्रिका किंवा कॅमेरा नेमका त्या स्थानी आणण्यासाठी जी सरकती नळी असते, ती फोकसर. हाताने गोल खुंटी फिरवली की नळी आत-बाहेर सरकते. काही फोकसरांत दातेरी पट्टी आणि चक्र असते. काहींत दाते नसतात, गुळगुळीत दांडा नळीला दाबून धरतो आणि घर्षणाने तिला सरकवतो. दुसऱ्या प्रकाराला क्रेफोर्ड म्हणतात.

हे सरकणे किती सूक्ष्म असावे लागते, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट असेल, तर प्रतिमा तीक्ष्ण राहण्याजोगी जागा सुमारे ७० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी सात भाग एवढीच असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण तेवढीच भरते. दहापट असेल तर ही जागा चौपट होते, तरी ती पाव मिलिमीटरच्या आसपासच राहते. शिवाय खुंटीला हात लावताच सारी दुर्बीण थरथरते आणि प्रतिमा नाचू लागते. थरथर थांबेपर्यंत तारा तीक्ष्ण झाला की नाही हेच कळत नाही. म्हणून खुंटीच्या जागी मोटर आली. दुरून बटण दाबावे, नळी केसाएवढी सरकावी, दुर्बिणीला हात लागू नये, एवढेच तिचे प्रयोजन.

आता असे समजावे, की थंडीतली निरभ्र रात्र आहे, अंगणात विद्यार्थी जमले आहेत, बटण दाबले आणि काहीच झाले नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो आणि दिसेल ते उघडले जाते. बिघाडाइतकेच नुकसान या घाईने होते. फोकसर ही एक साखळी आहे. बॅटरी, तार, नियंत्रक, मोटर, दंतचक्रे, जोड, नळी आणि शेवटी ताऱ्याची प्रतिमा, असा तिचा क्रम आहे. याच कुंड्या. एकेका कुंडीत डोकावून प्रवाह कोठपर्यंत पोचला ते पाहावयाचे, एवढेच काम आहे.

पहिली पाहणी साखळीच्या मध्यावर करावी. मोटरचा क्लच सैल करून किंवा मोटर सोडवून नळी हाताने फिरवावी. ती सहज सरकली आणि तारा हातानेच बिंदूसारखा तीक्ष्ण झाला, तर नळी आणि काचा निर्दोष ठरल्या. दोष मोटरकडच्या भागात आहे. हातानेही तारा तीक्ष्ण होत नसेल तर मोटरला दोष देण्यात अर्थ नाही. भिंगावर दव बसले असेल, आरसे एका रेषेत नसतील किंवा वातावरणच अस्थिर असेल. फोकस थोडा बिघडवून पाहिले असता तारा वाटोळ्या चकतीसारखा दिसावा. चकती एका बाजूला ओढल्यासारखी दिसली तर आरशांची जुळणी पाहावी. हाताने फिरवताना नळी अडत असेल तर जुने, घट्ट झालेले ग्रीस किंवा धूळ हे कारण असू शकते. या एका पाहणीने निम्मी साखळी संशयमुक्त होते.

दुसरी पाहणी कानाने करावयाची. बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो काय? मुळीच आवाज नसेल तर विजेचा मार्ग तपासावा. बॅटरी नुसती मोजली तर बारा व्होल्ट दाखवते आणि मोटरचा भार पडताच कोसळते, म्हणून मोजमाप बटण दाबून धरून करावे. त्यानंतर पिना पाहाव्यात. दमट हवेत त्यांवर काळा-हिरवा थर चढतो. तो साफ करावा. तार दुर्बिणीबरोबर सतत वाकते, आणि ती बहुधा पिनेच्या अगदी मुळाशी, आवरणाच्या आत तुटते. बाहेरून धडधाकट दिसते. मल्टिमीटर लावून तार हळूहळू वाकवत गेले की तुटलेली जागा आपोआप सापडते.

मोटर गुरगुरते, थरथरते, पण फिरत नाही, अशी तक्रार असेल तर मोटर कोणत्या जातीची आहे ते पाहावे लागते. दोन तारांची साधी मोटर असेल तर तिला नियंत्रकापासून सोडवून, तिच्या व्होल्टेजला साजेशी लहान बॅटरी थेट लावावी. ती फिरली आणि तारा उलट लावल्यावर उलट दिशेने फिरली, तर मोटर ठीक आहे; दोष नियंत्रकात आहे. स्टेपर जातीची मोटर पावलापावलाने फिरते. तिच्या एका फेरीची सामान्यतः दोनशे पावले होतात, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. चार तारांच्या अशा मोटरीत दोन गुंडाळ्या असतात. एक गुंडाळी तुटली किंवा तारांच्या जोड्या अदलाबदल झाल्या, की मोटर जागच्या जागी थरथरते. मल्टिमीटर हाताशी नसला तरी एक सोपी परीक्षा आहे. मोटर पूर्ण सोडवून तिचा दांडा बोटांनी फिरवावा. मग कोणत्याही दोन तारांची टोके एकमेकांना जोडून पुन्हा फिरवावा. दांडा एकदम जड झाला तर त्या दोन तारा एकाच गुंडाळीच्या आहेत आणि गुंडाळी अखंड आहे. मात्र मोटरीत दंतचक्रांची पेटी असेल तर हा फरक बोटांना जाणवत नाही. तेथे मीटरच हवा. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे: वीज चालू असताना स्टेपर मोटरची तार कधीही काढू नये. त्या एका झटक्याने नियंत्रकाचा चालक भाग जळू शकतो, आणि लहान बिघाडाचा मोठा बिघाड होतो.

तिसरी तक्रार सर्वांत फसवी आहे. मोटर फिरते, नियंत्रकावरचे आकडे पुढे सरकतात, पण तारा होता तसाच धूसर राहतो. बहुतेक घरगुती फोकसरांत नियंत्रकाला नळी दिसत नसते. त्याने किती पावले टाकण्याची आज्ञा दिली तेवढेच तो मोजतो. ती पावले खरोखर पडली काय, हे त्याला ठाऊक नसते. पडद्यावरचा आकडा हे केवळ त्याचे म्हणणे आहे. पंचांगाचे गणित आकाशाशी ताडून पाहण्यासाठी जुन्या ज्योतिषांनी दृक्प्रत्यय हा शब्द योजला. गणिताने सांगितलेला ग्रह त्या जागी डोळ्यांना दिसला पाहिजे. फोकसरलाही तीच कसोटी लावावयाची. नळीवर पेन्सिलीने बारीक रेघ काढावी. मोटरच्या दांड्यावर रंगाचा एक ठिपका द्यावा आणि दांडा ज्या जोडात बसतो त्या जोडावर दुसरा. मग हजार पावले बाहेर, हजार पावले आत, असे दहा वेळा करावे.

दांड्यावरचा ठिपकाच मूळ जागी परतला नाही तर मोटरची पावले चुकत आहेत. भार जास्त आहे, वेग जास्त आहे किंवा प्रवाह अपुरा आहे. वेग कमी करून पाहणे हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय. दांड्यावरचा ठिपका परतला, पण जोडावरचा मागे राहिला, तर जोड घसरतो आहे. तेथे एक लहानसा ग्रब स्क्रू असतो. तो सैल होणे हे अशा बिघाडांचे नित्याचे कारण. दांड्याची एक बाजू सपाट असेल तर स्क्रूचे टोक त्या सपाट बाजूवर बसवून घट्ट करावे. दोन्ही ठिपके परतले आणि नळीवरची रेघ तेवढी सरकली, तर नळी दांड्यावर घसरते आहे. क्रेफोर्ड जातीत हे नेहमीचे आहे. दुर्बीण डोक्यावरच्या आकाशाकडे वळली की जड कॅमेऱ्याच्या वजनाने नळी खाली येते. दाब देणारा स्क्रू थोडा आवळावा आणि दांड्यावर चुकून लागलेले तेल-ग्रीस स्पिरिटने पुसावे. कारण जेथे घर्षणच कामाला लावलेले आहे तेथे वंगण हाच शत्रू.

चौथी गोष्ट दंतचक्रांमधल्या मोकळिकीची. मिस्त्रीच्या भाषेत तिला ‘प्ले’ म्हणतात. दिशा बदलली की काही पावले दाते एकमेकांना भिडण्यातच खर्च होतात आणि नळी हलत नाही. हा बिघाड नव्हे, प्रत्येक दंतचक्राचा तो स्वभाव आहे. तो मोजावा आणि त्याला वळण लावावे. फोकसची शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करावी, आणि ती दिशा शक्यतो कॅमेरा वर उचलण्याची असावी. म्हणजे वजनानेच दाते एका बाजूला भिडून राहतात. जागा चुकून पुढे गेली तर बरेच मागे येऊन पुन्हा त्याच दिशेने गाठावी.

आणि एक तक्रार अशी आहे, की जिच्यात कोणाचाच दोष नसतो. संध्याकाळी नेमका साधलेला फोकस मध्यरात्री बिघडतो, आणि मोटर सरकली असा ठपका बसतो. ॲल्युमिनियमची एक मीटर लांबीची नळी दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन आकुंचन पावते. पारा दहा अंश उतरला तर नळी २३० मायक्रॉनने आखूड झाली. तीक्ष्णतेची जागा ७० मायक्रॉनची, आणि नळी तिच्या तिपटीहून अधिक सरकली! अशा वेळी मोटर उघडणे म्हणजे निरपराध्याला शिक्षा करणे होय. तासातासाने तापमान टिपावे आणि फोकस पुन्हा साधावा, एवढाच त्यावर उपाय.

दोष जेथे दिसतो तेथेच असतो असे नाही, याचे सर्वांत महागडे उदाहरण अवकाशात घडले. २४ एप्रिल १९९० रोजी हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. पहिली छायाचित्रे आली ती धूसर. फोकस साधण्यासाठी तिचा दुय्यम आरसा पृथ्वीवरून आज्ञा देऊन मागे-पुढे सरकवता येतो. आठवडेच्या आठवडे तो सरकवून पाहिला गेला. यंत्रणा आज्ञेप्रमाणे बिनचूक हलत होती, तरी प्रतिमा तीक्ष्ण होईना. आरशाच्या मध्यभागाचे किरण एका ठिकाणी एकत्र येत आणि कडेचे किरण दुसऱ्या ठिकाणी. एक साधावे तर दुसरे निसटे. याला गोलीय विपथन म्हणतात. जून १९९० च्या अखेरीस हा दोष जाहीर झाला. आरसा कडेला ठरल्याहून सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट घासला गेला होता. केसाच्या जाडीपुढे हा आकडा नगण्यच.

चौकशीत जे निघाले ते अधिक बोधप्रद आहे. आरसा घासताना ज्या उपकरणाने त्याचा आकार तपासला जाई, त्या उपकरणातीलच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. आरसा त्या चुकीच्या मापाबरहुकूम अत्यंत अचूक घासला गेला. दुसऱ्या साध्या चाचण्यांत काहीतरी चुकते आहे असे दिसले होते. परंतु मुख्य उपकरण अधिक सूक्ष्म, म्हणून त्याचेच खरे मानून इतर नोंदी बाजूला सारल्या गेल्या. मात्र दोषाचे स्वरूप नेमके कळल्यावर उपायही नेमका सापडला. डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी पाच वेळा यानाबाहेर पडून दुरुस्ती केली. आरशात जेवढी चूक तेवढीच उलट चूक मुद्दाम राखलेले लहान आरसे प्रकाशमार्गात बसवले, नवा कॅमेरा लावला, आणि जानेवारी १९९४ मध्ये जगाने तीक्ष्ण छायाचित्रे पाहिली. पुढे बसवलेल्या उपकरणांत ही दुरुस्ती अंगभूतच करण्यात आली. या साऱ्या काळात फोकस साधणारी यंत्रणा निर्दोष होती. तिला कितीही हलवले असते तरी दोष हाती लागला नसता.

अंगणातल्या दुर्बिणीपाशी अंतराळवीर लागत नाहीत. तेथे लागते दोष पाहण्याची नजर, आणि ती बुऱ्हाणपुरात दुर्मीळ नाही. हे यंत्रमागांचे गाव आहे. माग थांबला तर अनुभवी मिस्त्री आधी आवाज ऐकतो, हाताने चाक फिरवून पाहतो, कोणता स्क्रू सैल झाला, कोणते दंतचक्र झिजले हे बोटांनी ओळखतो, आणि मगच पाना उचलतो. फोकसरमध्ये त्याला अनोळखी असे फार थोडे आहे. केवळ माप केसाएवढे बारीक आहे. विज्ञानाचा शिक्षक, मागाचा मिस्त्री आणि एखादा चौकस विद्यार्थी हे तिघे एका टेबलाशी बसले, तर कपाटातल्या बहुतेक दुर्बिणी गावाबाहेर न पाठवता पुन्हा चालू होतील.

तथापि कौशल्य एका माणसापाशीच राहिले तर ते त्याच्याबरोबर जाते. महाराष्ट्रातच याचे उदाहरण आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातील मोठी दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून वेध घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली; उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालला गेली. दुर्बीण शाबूत होती. पुण्यात तिला सांभाळणारा दुसरा कोणी तयार झालेला नव्हता. पुढे १९४४ साली पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. आकाशनिरीक्षण तेथे एका व्यक्तीचे न राहता मंडळाचे झाले, म्हणून ते एका पिढीकडून दुसरीकडे जाऊ शकले.

उपकरणाला माणूस लागतो आणि माणसाला नोंद लागते. म्हणून प्रत्येक दुर्बिणीसोबत एक वही असावी. फोकसरच्या तारांचे रंग आणि त्यांचा क्रम, मोटरचे व्होल्टेज, ‘प्ले’ किती पावलांचा, कोणता स्क्रू केव्हा आवळला, कोणता उपाय केला आणि तो लागू पडला नाही, हे सारे त्या वहीत तारखेनिशी असावे. फसलेल्या उपायाची नोंद विशेष महत्त्वाची, कारण तिच्यामुळे पुढच्या माणसाची एक कुंडी आधीच पाहून झालेली असते. अशी वही दुर्बिणीच्या पेटीत राहावी, आणि तिची एक प्रत ग्रंथालयात राहावी. शंभर वर्षे ग्रंथांची नोंद, निगा आणि बांधणी करीत आलेल्या संस्थेला हे काम नवे नाही. फाटलेले पान चिकटवून ग्रंथ पुन्हा वाचकाच्या हाती देणे आणि सैल स्क्रू आवळून दुर्बीण पुन्हा विद्यार्थ्याच्या डोळ्याशी लावणे, ही एकाच सेवेची दोन कामे आहेत.

या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकात अशी वही येथील कपाटात यावी, ती वारंवार मागितली जावी, आणि तिच्या आधाराने या नगरीतल्या एखाद्या अंगणात धूसर झालेला तारा पुन्हा बिंदूसारखा स्वच्छ दिसावा, एवढी सदिच्छा व्यक्त करून हे व्याख्यान येथे पूर्ण होत आहे.